एकच भूमिका, तीन नट्या: मूकपटांतले काउबॉय आणि 'इंडियन'

खिडकीतली_जागा (धागाकर्ता)

आमच्या तालुक्याच्या टॉकीजला रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर लागायचा. संवाद ओ की ठो कळायचे नाहीत. पण घोडे, धूळ, बंदुका आणि कड्यावर रांगेने येऊन उभे राहणारे पिसंवाले लोक, एवढ्यावर आमचं भागायचं. सोमवारी मधल्या सुट्टीत मैदानावर तोच खेळ. ज्यांना कुणी संघात घेत नसे त्यांनी 'रेड इंडियन' व्हायचं आणि मरायचं. मी चौथी ते सातवी नियमाने मेलो.

गेल्या महिन्यात पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा हे पिक्चर मुळापासून बघायला घेतले. मुळापासून म्हणजे मूकपटांपासून. मनात हिशोब असा की १९५० च्या आसपासचे इतके एकतर्फी, तर १९१० चे किती भयंकर असतील! निघालं भलतंच.

'व्हाइट फॉन्स डिव्होशन', साल १९१०, लांबी अकरा मिनिटांच्या आसपास. काढला पाथे या फ्रेंच कंपनीने, न्यू जर्सीत. पाथेचे फ्रान्समध्ये काढलेले काउबॉयपट खोटे वाटतात अशी अमेरिकेत टीका होत होती, म्हणून त्यांनी तिथेच जाऊन चित्रीकरण सुरू केलं. दिग्दर्शक जेम्स यंग डियर. हा स्वतःला विनेबागो जमातीचा म्हणवायचा. गोष्ट साधी आहे. गोऱ्या माणसाला वारशाचं पत्र येतं, त्याला जावं लागणार. त्याच्या मूलनिवासी बायकोला वाटतं हा काही परत येत नाही, आणि ती स्वतःवर सुरी चालवते. छोटी मुलगी बापाच्या हातात ती सुरी बघते, तिला वाटतं बापानेच मारलं. ती जमातीला सांगते, मग पाठलाग, पकडापकडी. शिक्षा अशी ठरते की मुलीनेच बापाला मारायचं. तिच्याने ते होत नाही. तेवढ्यात आई येते, जखमी पण जिवंत. शेवटी तिघंही एकत्र.

आता याच्या शेजारी १९१४ चा 'द स्क्वॉ मॅन' ठेवा. सेसिल बी. डिमिलचा हा पहिला पिक्चर, आणि हॉलिवूडमध्ये काढलेल्या पहिल्या मोठ्या कथापटांपैकी एक. इथेही गोरा नवरा, मूलनिवासी बायको, एक मूल आणि इंग्लंडहून आलेला वारसा. पण इथे मुलाला इंग्लंडला पाठवायचं ठरतं आणि आई आत्महत्या करते. म्हणजे वाटेतली धोंड दूर झाली, पुढे सगळं सुरळीत.

ही बायको साकारली होती लिलियन सेंट सायर हिने, पडद्यावरचं नाव रेड विंग. जन्म १८८४, नेब्रास्कातली विनेबागो राखीव वसाहत. आणि ही यंग डियरची खरीखुरी बायको! दोघांनी मिळून कितीतरी एक-रिळी पट काढले होते.

डिमिलला ही कथा इतकी आवडली की त्याने ती तीनदा काढली. १९१४ ला रेड विंग. १९१८ ला तीच भूमिका अ‍ॅन लिटल या गोऱ्या नटीला. १९३१ ला, बोलपटात, लुपे व्हेलेझ या मेक्सिकन नटीला. दिग्दर्शक तोच, बाई तीच. फक्त पहिल्या वेळी त्या बाईचं काम खरंच त्या समाजातली बाई करत होती, पुढे नाही.

सतरा वर्षांत गाडी पुढे जायची ती मागे का गेली? जाणकारांनी प्रकाश टाकावा. प्लास्टर अजून दोन आठवडे आहे.

---

भरदुपार

लई भारी धागा भावा. आमच्यात पण असाच खेळ असायचा, फक्त आम्ही इंडियन व्हायला भांडायचो, कारण कोंबडीची पिसं लावायला मिळायची. आईनं पिसांपायी धुतलंय एकदा.

---

अर्धा_कटिंग

शोधून बघितला. पण माफ करा, मला हसूच आलं. सगळे चार्ली चॅप्लिनसारखे तुरुतुरु पळतायत. ती बाई सुरी खुपसून घेते तेसुद्धा फोडणीला मिरची टाकावी इतक्या घाईत. गंभीर काही वाटलंच नाही.

---

चौथी_घंटा

धागा चांगला आहे, पण 'आधी छान होतं, मग बिघडलं' हे मला इतक्या सहज पटत नाही.

थॉमस इन्स या निर्मात्याचं उदाहरण घ्या. १९११-१२ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या वर समुद्राकाठच्या डोंगरात हजारो एकर जागा घेतली आणि मिलर ब्रदर्सच्या '१०१ रँच' या वाइल्ड वेस्ट खेळाची अख्खी मंडळीच कामाला लावली. काउबॉय, घोडे, बायसन (तिकडचे रानगवे) आणि पाइन रिज राखीव वसाहतीतले लाकोटा जमातीचे लोक. जागेचं नावच पडलं इन्सव्हिल. इन्सच्या पटांत मागे दिसणारे शेकडो लाकोटा खरे, तंबू खरे, घोड्यावरची मांड खरी. आता १९१२ चा 'द इन्व्हेडर्स' बघा. विल्यम ईगल शर्ट हा लाकोटा नट त्यात सरदार आहे आणि काय रुबाबात आहे! पण त्याची मुलगी, जिच्यावर गोष्ट फिरते, ती कोण? अ‍ॅन लिटल. तुमच्या १९१८ च्या पिक्चरवालीच. म्हणजे ही पळवाट १९१८ ला नव्हे, १९१२ लाच काढलेली होती. गर्दीला खरे लोक, प्रेम करायला गोरी मुलगी.

शिवाय हे लाकोटा कायद्याच्या नजरेत सरकारचे 'पाल्य' होते. वसाहत सोडून कामाला जायचं तर सरकारी एजंटाची परवानगी लागायची. सगळ्या मूलनिवासींना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ते १९२४ साली.

---

रिकामटेकडा

त्या काळी तसंच होतं, सगळीकडेच. आजचे चष्मे लावून शंभर वर्षांपूर्वीचे पिक्चर कशाला बघायचे? सिनेमा मनोरंजनासाठी असतो. आता काय मूकपटांनाही आरक्षण लावणार?

---

चौथी_घंटा

@रिकामटेकडा, 'त्या काळी' म्हणजे नेमकं कुणाच्या काळी? १९११ सालीच काही जमातींचे प्रतिनिधी थेट वॉशिंग्टनला गेले होते, सिनेमात आम्हाला रानटी दाखवतात अशी तक्रार घेऊन. त्यांच्याकडे आजचे चष्मे नव्हते.

मेक्सिकोचं तर अजून मजेशीर आहे. तेव्हाच्या काउबॉयपटांत मेक्सिकन म्हणजे दगाबाज, तेलकट केसांचा खलनायक. त्याला 'ग्रीझर' म्हणायचे, शिवीच ती. आणि ही शिवी थेट पिक्चरच्या नावात: १९०८ 'द ग्रीझर्स गाँटलेट', १९११ 'टोनी द ग्रीझर', १९१४ 'ब्रॉन्को बिली अँड द ग्रीझर'. शेवटी १९२२ साली मेक्सिकोच्या सरकारने दम भरला: जी कंपनी आमची अशी बदनामी करेल तिचा एकही पिक्चर आमच्या देशात लागणार नाही. एक नव्हे, एकही! खिशाला चाट बसल्यावर हॉलिवूड ताळ्यावर आलं. पूर्ण नाही. खलनायकाचा देश तेवढा काल्पनिक झाला, मिशा त्याच राहिल्या.

---

संपादक_मंडळ

आरक्षणावर आलेले सात प्रतिसाद काढले आहेत. विषयावर बोला.

---

ओक्लाहोमाची_मावशी

आधी शब्दाबद्दल. 'स्क्वॉ' ही आता शिवी मानली जाते. २०२२ साली इथल्या सरकारने डोंगर, ओढे, दऱ्या अशा जवळजवळ साडेसहाशे ठिकाणांच्या नावांतून तो शब्द काढून टाकला. जुन्या पिक्चरचं नाव घ्यायलाच लागतं, ते ठीक. पण 'रेड इंडियन' आता मराठीतूनही जायला हवं. इथे बरेच जण सरळ जमातीचं नाव सांगतात: मी कायोवा, मी कोमांची. ते सगळ्यात बरं. 'नेटिव्ह' म्हणायला माझ्या सासऱ्यांचा विरोध होता. साहेब आपल्याला तेच म्हणायचा, म्हणे. आणि नुसतं 'इंडियन' म्हटलं की इथे मलाच कुठली, कुठली म्हणून विचारतात! एकदा वाण्याच्या दुकानात एका कायोवा आजींशी यावरून दहा मिनिटं हसत बसले होते.

आता मुद्दा. आमच्या राज्यातला एक पिक्चर कुणी काढला कसा नाही इथे? 'द डॉटर ऑफ डॉन', १९२०. विचिटा डोंगरात चित्रीकरण. तीनशेच्या आसपास कायोवा आणि कोमांची लोक, आणि अख्ख्या पिक्चरमध्ये गोरा नट एकही नाही. नायक व्हाइट पार्कर, हा प्रसिद्ध कोमांची सरदार क्वाना पार्करचा मुलगा. त्याची बहीण वानाडाही आहे. दिग्दर्शक मात्र गोरा, नॉर्बर्ट माइल्स.

हा पिक्चर हरवलेलाच धरला होता. मग कळलं की नॉर्थ कॅरोलायनातल्या एका खासगी गुप्तहेराला त्याच्या फीच्या बदल्यात कुणीतरी ही रिळं दिली होती! ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीने ती २००७ मध्ये विकत घेतली, दुरुस्त केली, आणि २०१३ ला तो नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करायच्या अमेरिकी पिक्चरांच्या सरकारी यादीत, गेला. (तुमचा 'व्हाइट फॉन' तिथे २००८ पासून आहे.)

लेकीबरोबर घरीच पाहिला. गोष्ट म्हणाल तर प्रेमाचा त्रिकोण, आपल्याकडे पाच मिनिटांत सांगून होईल. पण कपडे, तंबू, अवजारं त्या लोकांनी घरून आणलेली आहेत. त्यातला लढायांची चित्रं रंगवलेला एक तंबू आता सोसायटीच्या संग्रहात आहे. आणि ते नाचतात. १८८३ पासून सरकारी नियमाने त्यांचे नाच आणि विधी गुन्हा ठरवले होते, एजंट लोकांचा त्यांच्यावर डोळा असायचा. ज्यांनी स्वतःच्या घरात चोरून नाचायचं, ते इथे कॅमेऱ्यासमोर उजेडात नाचतायत. कितीजण पोटासाठी आले आणि कितीजण त्यासाठी, कोण जाणे. लेक म्हणाली, आई ते अभिनय नाही करत, ते तर मजा करतायत.

---

भरदुपार

मावशी, अंगावर काटा आला बघा.

बरं मला एक सांगा, काळे लोक कुठं होते ह्या सगळ्यात? आम्ही बघितलेल्या पिक्चरमध्ये एक पण काळा काउबॉय आठवत नाही.

---

सांजवात

@भरदुपार, पिक्चरमध्ये नव्हते, प्रत्यक्षात भरपूर होते. दर चार काउबॉयांत एक काळा असावा असा इतिहासकारांचा अंदाज आहे. गुलामीतून सुटलेला माणूस टेक्सासात गुरं हाकायला गेला, यात नवल काय?

त्यांतला एक बिल पिकेट, जन्म १८७०, टेक्सास. धावत्या घोड्यावरून बैलाच्या शिंगांवर झेप घ्यायची, मान पिरगाळायची आणि त्याचा ओठ दातांत धरून त्याला आडवा करायचा, ही त्याची खासियत. रोडिओमध्ये, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या स्पर्धांत, आज जे 'बुलडॉगिंग' चालतं ते त्याच्यापासून आलं. चौथी_घंटांनी सांगितलेल्या १०१ रँचच्याच खेळात तो होता. त्याला घेऊन १९२१ ला 'द बुल-डॉगर' आणि पुढच्याच वर्षी 'द क्रिम्झन स्कल' हे दोन पिक्चर निघाले. काढले फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या रिचर्ड नॉर्मन या गोऱ्या माणसाने, चित्रीकरण ओक्लाहोमातल्या बोली गावात. मावशी, तुमच्याच राज्यात. बोली हे काळ्यांनी वसवलेलं गाव. पहिल्याचे तुकडे उरलेत, दुसरा पूर्ण गेला.

हे पिक्चर काळ्या प्रेक्षकांसाठीच्या थिएटरांत चालायचे. 'रेस फिल्म्स' म्हणत त्यांना. म्हणजे तुम्ही-आम्ही कितीही रविवार टॉकीजला घालवले असते तरी ते आपल्यापर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता.

ऑस्कर मिशोची गोष्ट तर मला या सगळ्यांत जास्त आवडते. हा काळा माणूस साउथ डकोटात जमीन घेऊन एकटा शेती करत होता, आजूबाजूला सगळे गोरे शेतकरी. त्यावर कादंबरी लिहिली, 'द होमस्टेडर', १९१७. लिंकन मोशन पिक्चर कंपनी ही काळ्यांचीच कंपनी, तिला पिक्चर काढायचा होता. मिशो म्हणाला, दिग्दर्शन मीच करणार. कंपनी नाही म्हणाली. मग त्याने स्वतःच पैसे जमवून १९१९ ला तो काढला. अनुभव शून्य! तो पिक्चर हरवलाय. पण त्याचा १९२० चा 'द सिम्बल ऑफ द अनकॉन्कर्ड' चक्क बेल्जियममध्ये सापडला. त्यातही पश्चिमेकडे जमीन घेतलेला काळा नायक, आणि त्याच्या जमिनीवर डोळा ठेवून आलेले कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी टोळीचे बुरखेवाले. त्यांना पळवून लावतात तो भाग मात्र उरलेल्या प्रतीत नाही. नेमका तोच नाही.

---

अर्धा_कटिंग

लिंकन कंपनीवरून आठवलं. तिचा पहिला हिरो नोबल जॉन्सन. काळा नट. युनिव्हर्सलमध्येही काम करायचा, आणि युनिव्हर्सलच्या दबावाने १९१८ ला त्याने स्वतःचीच कंपनी सोडली. 'किंग काँग'मधला बेटावरचा सरदार आठवतो? तोच हा. आणि जॉन फोर्डच्या १९४९ च्या 'शी वोअर अ यलो रिबन'मध्ये रेड शर्ट नावाचा इंडियन? तोही हाच!

म्हणजे गोरी बाई इंडियन होते, काळा माणूस इंडियन होतो, मेक्सिकन बाई इंडियन होते. १९१४ ला इन्सच्याच 'द लास्ट ऑफ द लाइन'मध्ये सरदाराचा मुलगा म्हणून सेसू हायाकावा आहे, जपानी! आमच्या गॅदरिंगला शिवाजी महाराजांच्या नाटकात मावळे कमी पडले की दुसऱ्या अंकात मुघलांनाच फेटे बांधून उभं करायचे, तसलं काहीतरी.

---

चौथी_घंटा

आणि ज्याच्यापासून धागा सुरू झाला तो यंग डियर? अलीकडच्या संशोधनात त्याचं मूळ नाव जेम्स यंग जॉन्सन निघालं, गाव वॉशिंग्टन शहर. तो विनेबागो नव्हता. पूर्वजांत काळे, गोरे आणि पूर्व किनाऱ्यावरची नँटिकोक जमात. त्यामुळे 'पहिला मूलनिवासी दिग्दर्शक' हे बिरुद आता जरा जपून वापरतात.

---

खिडकीतली_जागा (धागाकर्ता)

हे मला माहीत होतं. पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर अर्ध्या लोकांनी तिथेच 'मग काय, खोटारडाच' म्हणून धागा बंद केला असता. म्हणून 'म्हणवायचा' एवढंच लिहिलं.

माझं मत सांगतो. १९१० च्या अमेरिकेत मिश्र रक्ताच्या सावळ्या माणसाला दोन पाट्या उपलब्ध होत्या. 'काळा' ही पाटी लावली तर स्टुडिओचं दार बंद. 'इंडियन' लावली तर दार उघडं, कारण बाजारात इंडियनांच्या गोष्टींना मागणी. त्याने दुसरी लावली आणि लॉस एंजेलिसला पाथेच्या स्टुडिओचा प्रमुख झाला. वीस वर्षांनी 'द सायलेंट एनिमी'चा नायक लाँग लान्स याचंही तेच. सरदार म्हणून मिरवला आणि निघाला नॉर्थ कॅरोलायनातल्या काळ्यांत गणल्या जाणाऱ्या कुटुंबातला. याउलट आयर्न आइज कोडी हा नट. तो अस्सल इटालियन आईबापांचा मुलगा, त्याला कसली अडचण नव्हती, तरी जन्मभर इंडियन म्हणून वावरला. या दोन तऱ्हांच्या माणसांना एकाच मापात मोजायला माझं मन घेत नाही.

आणि रेड विंग होतीच ना. तिच्या मुळाबद्दल कुणालाच शंका नाही. नवऱ्याच्या गोष्टींमध्ये बायको शेवटी जगते, डिमिलच्या गोष्टीत तीच नटी मरते. मी तिच्या जागी असतो तर मला ते जाणवलं असतं.

---

पाणीपुरी_नको

अवांतर: आपल्या मुंबईची मर्ल ओबेरॉन! जन्म १९११, मुंबई, अँग्लो-इंडियन. हॉलिवूडमध्ये आयुष्यभर टास्मानियात जन्मले असं सांगत राहिली. 'द डार्क एंजल'साठी ऑस्करचं नामांकन मिळालं, पण मुंबईचं नाव काढलं नाही. पाट्यांच्या गोष्टीवरून आठवली.

अति-अवांतर: फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. तेही सोंगच की.

---

ओक्लाहोमाची_मावशी

मर्ल ओबेरॉन चपखल. साळुंक्यांचं नाही पटलं. फाळक्यांनी बायका शोधल्या होत्या, कुणी तयार होईना म्हणून हॉटेलातल्या स्वयंपाक्याला साडी नेसवली. आणि त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई आल्याच की. डिमिलला १९१८ ला बाई मिळत नव्हती असं नाही. १९१४ ची बाई पत्त्यासकट ठाऊक होती.

---

खिडकीतली_जागा (धागाकर्ता)

मावशींनी नेमकं बोट ठेवलं. मग १९१८ ला तिला का नाही बोलावलं? इतके दिवस वाचून माझा कयास असा.

१९१० च्या सुमारास पिक्चर म्हणजे एक रीळ, दहा-पंधरा मिनिटं. पाच सेंटवाल्या थिएटरांत खेळ सारखे बदलायचे, कंपन्यांना दर आठवड्याला ढीगभर माल लागायचा. नटांची नावंसुद्धा पडद्यावर येत नसत. अशा घाईत जो घोड्यावर बसतो, जो स्वस्तात मिळतो, ज्याच्याकडे गोष्ट आहे, त्याला दार उघडं. गोष्टीही तऱ्हेतऱ्हेच्या, कारण एखादी आपटली तर नुकसान कितीसं? मिश्र लग्नांच्या गोष्टींचा तर सुकाळ होता.

१९१४ नंतर पिक्चर तासा-दीड तासाचे झाले, खर्च वाढला. आता लोक गोष्ट बघायला नाही, चेहरा बघायला येऊ लागले. मुख्य भूमिकेत नाव हवं, आणि नावं तर गोऱ्यांनाच मिळालेली. १९२५ च्या 'द व्हॅनिशिंग अमेरिकन'मध्ये नव्हाहो नायकाचं दुःख किती मन लावून दाखवलंय! नायक रिचर्ड डिक्स. १९३० साली हॉलिवूडच्या पिक्चरांसाठी नीतिनियमांची संहिता आली, १९३४ पासून ती कडक झाली. तिच्यात काळ्या-गोऱ्यांच्या संबंधांवर तर लेखी बंदी. मग १९५० चा 'ब्रोकन अ‍ॅरो' येतो, इंडियनांची बाजू घेणारा म्हणून गाजतो, आणि त्यात अपाची सरदार कोचीस कोण? ब्रुकलिनचा जेफ चँडलर.

चौथी_घंटांचं म्हणणं अर्ध मान्य. आधी 'छान' नव्हतं. आधी गोंधळ होता, आणि गोंधळात काही माणसं आत शिरली. पुढे धंदा शिस्तीत आला.

यंग डियर १९१३ ला एका प्रकरणात नाव आल्यावर इंग्लंडला निघून गेला, नंतर परतला पण ते दिवस परत आले नाहीत. त्याचे बहुतेक पिक्चर नष्ट झालेत. तशी अमेरिकेतल्या मूक कथापटांतले सत्तर टक्क्यांच्या आसपास गेलेच आहेत. रेड विंग पुढे न्यूयॉर्कला राहिली, पारंपरिक पोशाख बनवायची. १९७४ ला गेली. म्हणजे आम्ही मैदानावर मरत होतो तेव्हा ती जिवंत होती.

---

रिकामटेकडा

ठीक आहे, वाचतोय. तो रेड्यांच्या शिकारीवाला पिक्चर कुठे बघायला मिळेल, मावशी?

---

ओक्लाहोमाची_मावशी

'द डॉटर ऑफ डॉन' नावाने शोधा, मिळेल. रेडे नाहीत हो ते, बायसन! तुमच्या रेड्याला तिथे कोण विचारतंय.

---

खिडकीतली_जागा (धागाकर्ता)

@अर्धा_कटिंग, तुमच्या हसण्याचं उत्तर राहिलंच होतं. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा-अठरा चौकटी. आता त्या चोवीसच्या वेगाने दाखवल्या की माणसं तुरुतुरु पळतात. वेग ०.७५ वर ठेवून परत बघा.

---

अर्धा_कटिंग

बघितला. आता त्या पोरीच्या हातात सुरी देतात तो प्रसंग किती लांब वाटतो हो. ती एकदा बापाकडे बघते, एकदा सुरीकडे. चहा गार झाला माझा.